दोस्तीचे करार, तेल-धान्याचा व्यापार आणि आपलं वळिवडे



'दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा' म्हटलं की मुलं धडाधड मुद्दे लिहितात. व्हर्सायचा तह, हिटलरचा उदय, राष्ट्रसंघाचं अपयश वगैरे. गुणही मिळतात. पण दोन देशांचं भांडण तिसऱ्याच्या दारात कसं येतं, हे त्यातून कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापूरच्या मुलांना ते शिकवायचं तर वळिवड्यापासून सुरुवात करावी.

करवीर तालुक्यातल्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित छावणीत राहिले. त्यात मोठा भरणा बायका-मुलांचा. महावीर उद्यानात त्यांची आठवण सांगणारं स्मारक आहे. ही माणसं इथं कशी आली, असं मुलांना विचारा आणि एकेक पाऊल मागं जा.

आपल्या भागात पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे काय, हे पोरांना घरातच कळतं. ३१ मार्च १९३९ ला ब्रिटन पोलंडला असाच जामीन राहिला. २५ ऑगस्टला लेखी करारही झाला. १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि ३ तारखेला ब्रिटन, फ्रान्स युद्धात उतरले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं, इथल्या नेत्यांना न विचारता! सही मालकाची आणि वसुली गड्याकडून. याच्या निषेधात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. हे आपण शिकवतो, पण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात. दोन धडे एकमेकांना जोडायचे राहूनच जातात.

बरं, जामीन मिळूनही पोलंड वाचला का? नाही. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या आणि पाचेक आठवड्यांत देश वाटला गेला.

इथं व्यापार येतो. 'देवघेव वाढली की युद्धं टळतात' हे वाक्य आपण सहज बोलतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. जर्मनी आणि सोव्हिएत संघाचा अनाक्रमण करार झाला २३ ऑगस्ट १९३९ ला, पण त्याच्या चारच दिवस आधी दोघांनी व्यापाराचा करार केला होता. रशियाचं तेल आणि धान्य, जर्मनीची यंत्रं. ब्रिटिश आरमारानं समुद्र अडवूनही जर्मनीला माल मिळत राहिला तो या वाटेनं. २२ जून १९४१ च्या पहाटे जर्मनीनं याच गिऱ्हाइकावर हल्ला केला, तेव्हाही धान्याच्या गाड्या जर्मनीकडे चाललेल्याच होत्या. व्यापार थांबल्यानंही युद्ध पेटतं. त्याच वर्षी अमेरिकेनं जपानचं तेल तोडलं आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं.

आता पुन्हा पोलिश माणसांकडे या. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं लाखो पोलिशांना सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. जर्मन हल्ल्यानंतर सोव्हिएत संघाला मित्र हवे होते. ३० जुलै १९४१ ला त्यानं लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार केला आणि कालचे कैदी एका सहीनं सुटले! त्यातले बरेच जण १९४२ मध्ये इराणला पोचले आणि तिथून काही कुटुंबं आपल्या वळिवड्याला. म्हणजे एका करारानं त्यांचा देश गेला आणि दुसऱ्यानं जीव वाचला. मैत्री-करार चांगले की वाईट, असा निबंध मुलांना घालू नका, ही माझी विनंती त्यासाठीच.

त्याऐवजी फळ्यावर या तारखा ओळीनं मांडा आणि प्रत्येकीखाली विचारा : सही कुणी केली? त्याला काय हवं होतं? किंमत कुणी मोजली? घरी टीव्हीवर 'मित्रदेश' हा शब्द आला की पालकांनीही हेच विचारावं. पोरं युद्धाच्या बातम्या क्रिकेटच्या सामन्यासारख्या बघतात, ते मला खटकतं.

आणि जमलं तर मुलांना ती जागा दाखवून आणा. पोलिश माणसं गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आपण कापड खरेदीला जातो ते गांधीनगर म्हणजे हीच वस्ती.