डिस्क आहेत, पण दिसत नाहीत

तर झालं असं की, गेल्या शनिवारी एका मित्राच्या हापिसात जुन्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलो. तासाभराचं काम, मग मिसळ. समोर आठ डिस्क, आठही हिरवे दिवे लुकलुकताहेत आणि इन्स्टॉलर म्हणतोय, एकही डिस्क सापडली नाही! जुनी आवृत्ती सुरू केली की सगळा डेटा जागच्या जागी. म्हणजे रेड कार्ड ठणठणीत होतं, नव्या आवृत्तीने फक्त त्याचा ड्रायव्हर सोडून दिला होता. (कोणती सिस्टीम, कोणतं कार्ड, जाऊ दे.)

आणि तरी लोक म्हणतात, हार्डवेअर रेड म्हणजे प्रोफेशनल आणि सॉफ्टवेअर रेड म्हणजे गरिबाचा जुगाड. च्यायला, माझं भांडण या वाक्याशी आहे.

साध्या साटा पोर्टांसाठी एएचसीआय नावाचं सामायिक मानक आहे. त्यामुळे एकच ड्रायव्हर कुठल्याही कंपनीच्या मदरबोर्डावर चालतो. रेड कार्डांसाठी असं मानक रुजलंच नाही. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी, आणि ती समजणारा ड्रायव्हर नसेल तर आठ डिस्क म्हणजे आठ पेपरवेट. डिस्क काढून दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला लावाव्यात, तर त्याला मांडणी सहसा कळत नाही.

बरं, ड्रायव्हर आपण लिहू म्हणाल, तर २००५ आठवा. ओपनबीएसडीवाल्यांनी अॅडॅप्टेककडे रेड व्यवस्थापनाचे कागद मागितले. डिस्क मेली हे ऑपरेटिंग सिस्टीमला कळावं, एवढीच अपेक्षा. कागद मिळाले नाहीत. मग त्यांनी ३.७ आवृत्तीत त्या कार्डांचा आधारच काढून टाकला. अनेकांना हा हट्ट वाटला. मला विचाराल तर बरोबर केलं. डिस्क मेल्याचं जे सांगू शकत नाही, ते रेड कसलं?

२०१९ ची गोष्ट मात्र वेगळी. रेड हॅट (हा 'रेड' वेगळा!) एंटरप्राइज लिनक्स ८ आलं, आणि त्यातल्या मेगारेड ड्रायव्हरमधून डेलचं पर्क ५ आणि एलएसआयच्या १०७८ चिपवरच्या कार्डांचे आयडी वगळले गेले. ड्रायव्हर तिथेच, मूळ लिनक्स कर्नलमध्ये त्या कार्डांचा आधारही शाबूत, पण तुमचं कार्ड यादीत नाही. एलरेपोवाले तोच ड्रायव्हर बांधून देतात, पण इन्स्टॉल करतानाच तो हाताशी हवा. रेड हॅटची बाजूही समजते. दहा-दहा वर्षं आधार द्यायचा तर जुनी कार्डं किती काळ तपासणार? पण तुमच्या डेटाचा दरवाजा कधी बंद करायचा हे ते ठरवताहेत, तुम्ही नाही.

लिनक्सच्या एमडी रेडमध्ये मांडणी डिस्कवरच, उघड्या स्वरूपात लिहिलेली असते. साटा डिस्क उचला, दुसऱ्या डब्यात लावा, एमडीअॅडमला जोडायला सांगा, झालं. पॅरिटीचं गणित आजच्या प्रोसेसरला किरकोळ आहे. हो, कार्डावरच्या बॅटरीवाल्या कॅशेचा वीज जाताना खरोखर उपयोग होतो, ते नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी अख्खी चावी दुसऱ्याच्या खिशात?

मित्राने शेवटी जुनीच आवृत्ती चालू ठेवली आणि डेटा साध्या डिस्कांवर कॉपीला लावला. रविवारी रात्री फोन केला तेव्हा ६२ टक्के झालं होतं. मिसळ राहिलीच.