बंद पडलेला मायक्रोवेव्ह आणि उस्तादाची मजुरी

मायक्रोवेव्ह आता फक्त श्रीमंतांच्या घरातली वस्तू राहिलेली नाही. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात अशी घरे, शहरात शिकायला आलेली मुले, रमजानमध्ये पहाटे सहरीचे जेवण गरम करणारी कुटुंबे, सगळीकडे तो दिसतो. तो बंद पडला की मात्र घरात दोन पक्ष तयार होतात. एक म्हणतो, "जुना झालाय, काढून टाका, नवा घेऊ." दुसरा मोबाइलवर व्हिडिओ लावतो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पहिला पैसा वाया घालवतो आणि दुसरा जीव धोक्यात घालतो.

बाहेरून जेवढे तपासता येते तेवढे प्रत्येकाने तपासावे. त्या सॉकेटला मिक्सर लावून पाहा. मिक्सरही चालला नाही तर दोष मायक्रोवेव्हचा नाही. सॉकेट खराब असेल किंवा बोर्डावरचा एमसीबी पडला असेल. एमसीबी वर केल्यावर पुन्हा पडला तर हट्ट करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मायक्रोवेव्ह साधारण १,२०० ते १,५०० वॅट वीज घेतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट लागते. फ्रिज, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले की प्लग काळा पडतो, वितळतो. प्लग तसा दिसला तर आजार तिथेच आहे.

पॅनेलवर दिवे लागतात पण बटणे ऐकत नाहीत, असे असेल तर कुलपाची खूण दिसते का पाहा. लहान मुलांसाठी दिलेले चाइल्ड लॉक बऱ्याच मॉडेलमध्ये स्टॉपचे बटण काही सेकंद दाबून ठेवल्यावर निघते. प्लग काढून थोड्या वेळाने पुन्हा लावल्यावर अडकलेले पॅनेल कधी कधी सुरू होते. दाराच्या आकड्यांपाशी अन्नाचे कण अडकले असतील तर पुसून घ्या, कारण दार पूर्ण लागल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. आत ठिणग्या उडत असतील तर वापर थांबवा आणि बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा पाहा. त्यावर तेल-मसाला साचून तो जळतो. तो बदलणे स्वस्तातले काम आहे.

एवढे करूनही यंत्र मुकेच राहिले, किंवा दिवा लागतो, थाळी फिरते पण पाणी गरम होत नाही, तर तिथे थांबायचे. पुढचा दोष स्क्रूच्या पलीकडे आहे आणि ते स्क्रू आपल्यासाठी नाहीत. घरात २३० व्होल्टची वीज येते. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर ती सुमारे २,००० व्होल्टपर्यंत चढवतो आणि मोठा कपॅसिटर ती साठवून ठेवतो. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा भार राहू शकतो. तो उतरवण्यासाठी बहुधा आत रेझिस्टर असतो, पण तोच बिघडलेला असेल तर बाहेरून कळत नाही. इस्त्री किंवा मिक्सर उघडून दुरुस्त केल्याचा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

"नुसता फ्यूज तर बदलायचा आहे" असे म्हणणाऱ्यांनी तो का जातो हे समजून घ्यावे. दाराच्या मागे साधारण तीन छोटे स्विच असतात. दार उघडले की दोन स्विच वीज तोडतात. ते चिकटून बसले तर तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दाराने लहरी बाहेर पडू नयेत. अशा वेळी फ्यूजच्या जागी तार बसवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून घर उघडे ठेवणे.

आता मजुरीबद्दल. मेकॅनिक येतो, पंधरा मिनिटांत दोष शोधतो आणि पैसे मागतो. तेव्हा आपण म्हणतो, "एवढ्याशा फ्यूजचे एवढे पैसे?" मला हा प्रश्न अपमानाचा वाटतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत शिक्षकाला उस्ताद म्हणतात आणि गॅरेजमधल्या कारागिरालाही उस्तादच म्हणतात. पहिल्याने तासाचे पैसे घेतले तर आपण त्याला मानधन म्हणतो, दुसऱ्याने घेतले तर लूट म्हणतो. तो फ्यूजचे पैसे घेत नाही. कपॅसिटर कसा रिकामा करायचा, कोणता स्विच मीटरवर तपासायचा, या माहितीचे आणि पत्करलेल्या जोखमीचे घेतो. ज्या पर्सी स्पेन्सरने १९४५ मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीत काम करताना हे तंत्र शोधले, त्याचेही शालेय शिक्षण अपुरेच राहिले होते. हाताने शिकलेल्या माणसाला कमी लेखताना एवढे लक्षात ठेवावे.

अर्थात आपणही डोळे उघडे ठेवावेत. काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज विचारावा, बदललेला भाग परत मागावा, पावती घ्यावी. खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर नवा घेणे शहाणपणाचे, पण जुना भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा.

खरी अडचण पुढे आहे. उस्तादाला काम येते, पण सुटा भाग मिळत नाही, सर्किटचा नकाशा मिळत नाही. "मॉडेल बंद झाले" असे सांगून गिऱ्हाइकाला नव्याकडे वळवले जाते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टलही सुरू केले. त्या यादीत घरगुती टिकाऊ वस्तू आहेत. पण पोर्टलवरची माहिती आणि कायद्याने मिळणारा हक्क यांत फरक आहे. कंपनीने ठरावीक वर्षे सुटे भाग विकलेच पाहिजेत आणि ते बाहेरच्या कारागिरालाही दिले पाहिजेत, असा कायदा हवा. तो मागण्यासाठी ग्राहक आणि कारागीर एका बाजूला असायला हवेत. शंभर रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालणारे आपण त्याच्या बाजूने उभे राहू का, हे आधी ठरवू या.