वीतभर पेटी, लाखमोलाचा जीव

लष्कराने कोणती रायफल घ्यावी, यावर आपल्या देशात कारगिलच्या युद्धापासून चर्चा चालू आहे. इन्सास जाणार, अमेरिकी रायफल येणार, रशियन रायफल अमेठीत तयार होणार, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. मात्र या चर्चेत एका वस्तूचा उल्लेख क्वचितच होतो. ती म्हणजे रायफलीच्या पोटाखाली बसणारी, काडतुसांनी भरलेली वीतभर पेटी. जवान तिला मॅगझिन म्हणतात. ही पेटी पोलादाची असावी, ॲल्युमिनियमची असावी की प्लॅस्टिकची, हा प्रश्न वरवर पाहता कारखान्यातल्या फोरमनने सोडवावा असा वाटतो. वास्तविक त्याच्या उत्तरावर जवानाचा जीव अवलंबून असतो.

या पेटीचे काम साधे दिसते. तळाशी असलेली स्प्रिंग काडतुसे वर ढकलते आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा वरचे काडतूस धरून ठेवतात. या कडांना ओठ म्हणतात. एक गोळी सुटली की पुढचे काडतूस या ओठांतून नळीत सरकते. हे ओठ किंचित फाकले, तरी काडतूस तिरपे बसते आणि रायफल अडते. लाखाची रायफल अशी एका पत्र्याच्या वाकण्याने मुकी होते.

कारगिलचा धडा

इन्सासचा आराखडा आपल्या पुण्यातला, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेचा. उत्पादन इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत झाले. तिचे मॅगझिन 20 काडतुसांचे आणि अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे होते. किती गोळ्या उरल्या हे जवानाला नजरेने कळावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. परंतु 1999 मध्ये कारगिलच्या डोंगरांवर, रक्त गोठवणाऱ्या थंडीत, ही मॅगझिने तडकतात अशा तक्रारी आल्या. शत्रू वरच्या कड्यावर आणि हातातली पेटी फुटलेली, ही अवस्था कोणत्याही जवानावर येऊ नये.

यावरून ‘प्लॅस्टिक वाईट, लोखंड चांगले’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो मान्य नाही. जगाचा अनुभव नेमका उलट दिशेने गेला आहे.

तिघांचे गुणदोष

कलाश्निकोव रायफलीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तिचे पहिले मॅगझिन पोलादी पत्र्याचे होते. त्याने खिळा ठोकला तरी चालेल, अशी त्याची ख्याती. पण सुरुवातीचे मॅगझिन रिकामे असतानाच सुमारे 430 ग्रॅम भरे. पुढे पत्र्याला खाचा पाडून तो पातळ करण्यात आला आणि वजन 330 ग्रॅमवर आले. नंतर रशियनांनी त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचे ॲल्युमिनियमचे मॅगझिन करून पाहिले. ते पोचे सहन करीना, म्हणून लवकरच मागे पडले. अखेर काचेचे तंतू मिसळलेले, बेकेलाइटच्या घराण्यातले प्लॅस्टिक आले आणि त्याच्या ओठांना पोलादाची जोड देण्यात आली. ज्या देशाला हिवाळा शिकवावा लागत नाही, त्या देशाने शेवटी प्लॅस्टिक निवडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

अमेरिकेने व्हिएतनामच्या काळात एम-16 साठी ॲल्युमिनियम पत्करले. मॅगझिन हलके व स्वस्त करावे, वापरावे आणि टाकून द्यावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात सैनिक तेच मॅगझिन वर्षानुवर्षे वापरत राहिले, ओठ वाकत राहिले आणि रायफली अडत राहिल्या. अखेर 2016 मध्ये तिथल्या मरीन कोअरने पॉलिमरचे, म्हणजे सुधारित प्लॅस्टिकचे, मॅगझिन स्वीकारले.

आणि पोलाद? ते दणकट खरे, पण पोचा आला की तो तसाच राहतो. कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा गडचिरोलीच्या पावसात तेलपाण्याची हयगय झाली की गंज चढतो. वजनाचेही तसेच. ॲल्युमिनियमच्या तुलनेत एका पोलादी मॅगझिनमागे शंभरेक ग्रॅम वाढतात. सात मॅगझिने घेऊन 16 हजार फूट चढणाऱ्याला हा फरक विचारावा.

प्लॅस्टिक म्हणजे कोणते?

मी लासूर स्टेशनला राहतो. कापूस-कांद्याच्या या मुलखात हा विषय कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. जर्मनचे पातेले हलके असते, पण आपटले की पोचते, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. पावसात बांधावर राहिलेले खुरपे गंजते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. आणि प्लॅस्टिकचे म्हणाल, तर स्वस्तातली बादली दोन उन्हाळ्यांत तडकते. मात्र चांगल्या प्रतीची ठिबकची नळी त्याच उन्हात अनेक हंगाम काढते. कारण तिच्यात उन्हाचा मारा सोसण्यासाठी मुद्दाम काजळी मिसळलेली असते. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्याच. फरक मिश्रणाचा, जाडीचा आणि विकण्यापूर्वी केलेल्या परीक्षेचा.

मॅगझिनचेही हेच आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1977 मध्ये स्वीकारलेल्या रायफलीचे मॅगझिन असेच अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे होते, आणि ऑस्ट्रिया हा आल्प्सच्या बर्फाचा देश आहे. तेव्हा कारगिलमध्ये प्लॅस्टिक या जातीला दोष देऊन चालणार नाही. ज्या थंडीत ते वापरायचे होते, तिला ते पुरले नाही, हा खरा मुद्दा आहे.

हा भेद आज महत्त्वाचा आहे. 2019 मध्ये आपण अमेरिकेकडून 72,400 सिग-716 रायफलींची खरेदी केली. 2021 मध्ये सहा लाखांहून अधिक एके-203 भारतात बनवण्याचा करार झाला. तिचे मॅगझिनही पॉलिमरचेच आहे. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्याच संस्थेने ‘उग्रम’ ही नवी रायफल सादर केली. म्हणजे वीतभर पेटीचा प्रश्न पुन्हा एकदा आपल्या दारात आला आहे.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, मॅगझिनची परीक्षा रायफलीइतकीच कडक असावी. द्रासच्या थंडीत, जैसलमेरच्या वाळूत आणि कोकणच्या पावसात ते काडतुसांनी भरून ठेवावे, खडकावर आपटावे आणि मगच पास करावे. दुसरी, मॅगझिन ही झिजणारी वस्तू आहे हे हिशेबात मान्य करावे. ट्रकचे टायर जसे ठरावीक वापरानंतर बदलतो, तसेच ओठ फाकलेले मॅगझिन बिनबोभाट मोडीत काढण्याची मुभा आणि नवे घेण्यासाठी पैसा पलटणीला असावा. तिसरी, जवानाची तक्रार कारखान्यातल्या कारागिरापर्यंत थेट पोहोचावी. टेबलाटेबलांवर फिरणाऱ्या कागदाला बर्फ लागत नाही.

पोलाद, ॲल्युमिनियम आणि पॉलिमर यांत मला निवड करायला सांगितली, तर मी चांगल्या प्रतीचे पॉलिमर निवडीन. पण ‘चांगल्या प्रतीचे’ हे शब्द निविदेच्या कागदावर नव्हे, तर उणे वीस अंशांत सिद्ध व्हायला हवेत. संरक्षणाच्या अंदाजपत्रकात या पेटीचा खर्च शोधूनही सापडणार नाही. तिथे काटकसर झाली, तर तिची किंमत मात्र कुठल्यातरी गावातले एक घर चुकवते.