आपली माती परकी कशी?

एखादा तरुण कलावंत माती आणि हातकागद हाती घेऊन आपली ओळख शोधू लागला, की आपल्यातील काही मंडळी विचारतात, ‘यात ख्रिस्ती काय आहे?’ पोळ्याला मातीचे बैल घडवणाऱ्या कुंभाराने बालयेशू कसा घडवावा, असाही त्यांचा आक्षेप असतो. गव्हाणीत मात्र प्लास्टरच्या गोऱ्यापान मूर्ती त्यांना चालतात. हा न्याय आम्हांस मान्य नाही.

हाच आक्षेप आंजेलो द फोन्सेका यांनी सोसला. १९०२ साली गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात कलेचे धडे घेतले आणि मरियामातेला साडी नेसवली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्याला ते रुचले नाही. अखेर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. पुढे १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेच सांगितले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. मग आक्षेप उरतो कोठे?

बुलढाणा जिल्ह्याला तर साहित्यही बाहेरून आणावे लागत नाही. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. सुती चिंध्यांच्या लगद्यापासूनच हातकागद होतो. त्यासाठी पुण्यात १९४० साली संस्थाही निघाली. राख मिसळून मळलेली माती आमचा कुंभार पिढ्यान्पिढ्या भाजत आला आहे.

परमेश्वराने मातीतूनच मनुष्य घडवला, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. त्या मातीची लाज वाटणे हा धर्म नव्हे. येत्या नाताळात प्रत्येक धर्मग्रामाने गव्हाणीतील निदान एक मूर्ती गावच्या कुंभाराकडून घडवून घ्यावी, तारा हातकागदाचा करावा, आणि घासाघीस न करता त्या हातांना योग्य मोल द्यावे.