यवतची एक रात्र

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब भुलेश्वराच्या दर्शनास जाऊन आलों. यात्रावर्णन लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. आदल्या रात्रीं जें घडलें तें मात्र वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें, कारण त्यांत दोष परक्याचा होता, तितकाच आमचाहि होता.

आमच्या वडील वहिनींचें वय पंचाहत्तर. भुलेश्वर एकदां तरी पाहावा ही त्यांची जुनी इच्छा. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें यवत सुमारें ४० किलोमीटर. तेथून डोंगराकडे वळलें म्हणजे माळशिरसजवळ हें यादवकालीन देवालय लागतें. काळ्या पाषाणावर कोरलेल्या मूर्तींपैकीं पुष्कळ आज भग्न आहेत, तरी स्त्रीरूपांतील गणेशाची मूर्ति पाहून जाणता मनुष्य थबकतोच. सोमवारच्या गर्दीपूर्वीं दर्शन व्हावें आणि वहिनींना पहाटेची दगदग नको, म्हणून रविवारीं यवतेच्या आसपास मुक्काम करण्याचें ठरलें. धाकट्या चिरंजीवांनीं फोनवर चित्रें पाहून एका शेतावरील विश्रामगृहांत खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या ठरविल्या. चुलीवरचें जेवण व घरगुती आदरातिथ्य यांचें आश्वासन होतें. चातुर्मास असल्यामुळें कांदा-लसूण नको, हेंहि कळविलें होतें.

दिवेलागणीस आम्ही अकरा माणसें तेथें पोंचलों, तों खालच्या खोल्या एका समारंभाच्या मंडळींस दिलेल्या. आम्हांस वरचा मजला दाखविण्यांत आला. जिना उभा, कठडा एकाच बाजूस. "एका रात्रीचाच तर प्रश्न आहे, नाना," असें चिरंजीव म्हणाले. आम्हींहि मान डोलावली. वहिनी जिन्यावर तीनदां थांबल्या, पण बोलल्या नाहींत.

चादरी दमट होत्या. जेवण आलें तें थंड, आणि आमटींत कांदा. वहिनींनीं डब्यांतला एक लाडू खाऊन पाणी प्यायलें. अंगणांतील वाद्यांचा गजर मध्यरात्रीपर्यंत चालला. पुढें नळाचें पाणीहि गेलें. नातवंडांना तहान लागली, तेव्हां तेथील नोकर, विशीच्या आंतबाहेरचा एक मुलगा, कळशी घेऊन आला. पाणी गढूळ दिसतांच संध्याकाळपासून दाबलेला आमचा राग उसळला आणि आम्हीं त्याला नको नको तें बोललों. तो खालीं मान घालून म्हणाला, "आजोबा, मोटर जळाली हाय. हापशावरनं आणलंय, ही तिसरी खेप."

तो गेल्यावर आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "ज्याला बोलायचं त्याला संध्याकाळीं बोलला नाहींत; मग या पोराला कां बोललात?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. चाळीस वर्षें वर्गांत आम्हीं मुलांना सत्य व स्पष्ट बोलावयास शिकविलें होतें.

सकाळीं वहिनींचे गुडघे सुजले होते. देवळाच्या पायऱ्यांशीं गाडी थांबली, तेव्हां त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, भाऊजी. मी इथूनच हात जोडतें." आम्हीं वर जाऊन दर्शन घेतलें, तीर्थ व बेल आणून त्यांच्या हातावर ठेवलें. त्यांनीं बेल डोळ्यांस लावला. त्या वेळीं त्यांच्याकडे पाहण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

परत आल्यावर बिलांत न मागतां लावलेला सेवा-आकार दिसला. चिरंजीव पैसे काढीत होते. आम्हीं त्यांना थांबवून स्वतः मालकांकडे गेलों आणि घडलेलें सर्व शांतपणें सांगितलें. तो आकार त्यांनीं तत्काळ कमी केला, आणि म्हणाले, "आजी आहेत हें मला कुणीं सांगितलंच नाहीं. रात्रींच बोलला असतां, तर खालची एक खोली मोकळी करून दिली असती." कबूल केलेली खोली न देणें हा त्यांचा अपराध खराच, परंतु वहिनींचें दर्शन हुकलें तें आमच्या भिडेपायीं.

यवत हें उपाशी निजविणारें गांव नव्हे. तुकोबांच्या पालखीचा लोणी काळभोरनंतरचा मुक्काम तेथें असतो. नारायणबोवांनीं १६८५ सालीं सुरू केलेल्या या सोहळ्यांतील वारकऱ्यांना गांवकरी पिठलें-भाकरी जेवूं घालतात, आणि त्या जेवणाची ख्याति साऱ्या वारींत आहे. तेथें मोल घेत नाहींत. मोल घेणाऱ्याचें कर्तव्य तर त्याहून स्पष्ट आहे. १८६७ सालच्या सराईंच्या कायद्यांतहि खोल्या व विहिरी स्वच्छ राखणें आणि आकाराचा तक्ता दिसेल असा लावणें ही जबाबदारी मालकावर टाकलेली होती. न विचारतां बिलांत सेवा-आकार जोडूं नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं दिले, व मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ते कायम केले. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

तेव्हां वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, वडीलधारीं माणसें बरोबर असतील तर मजला, जिना, पाणी आणि जेवण यांविषयीं अगोदर लेखी विचारावें. पोंचल्यावर सामान उतरविण्यापूर्वीं खोली पाहावी. आणि उणें दिसल्यास तेथल्या तेथें, मालकापाशींच, सौम्य शब्दांत बोलावें. घरीं येऊन आठ दिवस कुरकुरण्यापेक्षां तें सोपें आहे.

निघतांना त्या मुलाला आम्हीं हांक मारली आणि, "रात्रीं चुकलों हो," असें म्हटलें. तो लाजला, आणि वहिनींना हात धरून गाडींत बसवून गेला. शिशिरांत महाशिवरात्र येते, पण त्या दिवशीं भुलेश्वरीं गर्दी फार. तिच्यापूर्वींच एखादा मोकळा दिवस पाहून वहिनींना पुन्हां न्यावयाचें, आणि मुक्काम करावयाचा नाहीं, असें आमच्या घरीं ठरलें आहे.