प्रवाळाची शुश्रूषा आणि घरातील काचपेटी

‘प्रवाळ’ हा शब्द झाशीसारख्या शहरात आपल्या कानी तीन ठिकाणी पडतो. सराफाकडे तो अंगठीतील पोवळ्यासाठी वापरतात, वैद्याकडे प्रवाळपिष्टीसाठी, आणि अलीकडे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा छंद असलेल्या मंडळींत सजीव प्रवाळासाठी. पहिल्या दोन ठिकाणी तो निर्जीव पदार्थ असतो. तिसऱ्या ठिकाणी मात्र तो खाणारा, वाढणारा, आजारी पडणारा आणि मरणारा प्राणी असतो. शास्त्रीय पुस्तिकांचा अनुवाद करणाऱ्यास ही अडचण पदोपदी जाणवते. शब्द एकच असल्यामुळे वाचकाच्या मनात आधी रत्न उभे राहते आणि प्राणी मागे पडतो. तुटलेले प्रवाळ घरच्या काचपेटीत सांभाळून बरे करावे की करू नये, या प्रश्नाचा विचार करताना प्राण्यास पुढे आणणे अगत्याचे आहे.

प्रवाळाचा एकेक जीव लहानशा फुलासारखा असतो. तोंडाभोवती संस्पर्शकांचे कडे, खाली कॅल्शियम कार्बोनेटची स्वतः घडविलेली बैठक, आणि ऊतींमध्ये वास करणारे सूक्ष्म शैवाल, अशी त्याची रचना होय. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा यजमानास देते. यजमान त्यास आसरा पुरवितो. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते आणि पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यास विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर ते सावरू शकते. न निवले तर ऊती गळतात आणि उघड्या सांगाड्यावर भलतेच शेवाळ चढते.

उपाशी अथवा जखमी प्रवाळास टाकीत कसे जगवावे, याचे शास्त्र आज बरेच पुढे गेले आहे. रुग्णास प्रथम वेगळ्या टाकीत ठेवतात. पाण्याची क्षारता दर हजार भागांस सुमारे ३५, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखावे लागते. प्रकाश आरंभी मंद ठेवून क्रमाक्रमाने वाढवितात, कारण दुबळ्या प्रवाळास प्रखर प्रकाशही अपाय करतो. सडलेला भाग निरोगी भागासह थोडा कापून टाकतात, उरलेला तुकडा आयोडीनयुक्त द्रावणात बुडवून काढतात आणि चिनीमातीच्या चकतीवर चिकटवितात. नळीने सूक्ष्म प्राणिज अन्न भरवितात. मग वाट पाहणे उरते. सांगाड्यावर ऊतीची कड पुन्हा सरकू लागण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

या ज्ञानात हौशी लोकांचा वाटा मोठा आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील जिवंत खडक, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी घरच्या टाक्यांत प्रवाळे जगविली होती. पुढे फ्लोरिडातील मोट प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून टाकीतील एक प्रवाळ अपघाताने मोडले. मागे उरलेले इवलेसे कण अपेक्षेहून कितीतरी वेगाने वाढताना त्यांना आढळले, आणि त्यातून सूक्ष्म तुकडे करून प्रवाळ वाढविण्याची रीत निघाली. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र असह्य तापला, तेव्हा तेथील संस्थांनी सागरी रोपवाटिकांतील हजारो तुकडे जमिनीवरील टाक्यांत हलविले. काचेच्या टाकीस हिणविण्याचे कारण नाही. संकटसमयी ती खरोखर रुग्णालय ठरते.

तथापि रुग्णालयाची एक कसोटी असते. बरा झालेला रुग्ण घरी परततो काय? झाशीच्या दिवाणखान्यातील प्रवाळास परतीची वाट नाही. समुद्र येथून सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. आणि कोणी तेवढा प्रवास केलाच, तरी निरनिराळ्या देशांच्या जीवांसह राहिलेला तुकडा समुद्रात सोडणे म्हणजे तेथे अनोळखी रोगजंतू सोडण्याचा धोका पत्करणे होय. शिवाय येथील मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पाणी थंड ठेवणारे यंत्र वीज गेल्यामुळे काही तास बंद पडले, की ज्या उष्णतेपासून रुग्णास वाचवावयाचे तीच उष्णता टाकीत शिरते.

याहून गंभीर बाब खरेदीची आहे. विक्रेत्याकडील पांढरे पडलेले, मोडके प्रवाळ पाहून एखाद्या सहृदय माणसाचे मन द्रवते, आणि ‘निदान हे तरी वाचवू’ म्हणून तो ते विकत घेतो. त्याचा हेतू निर्मळ असतो. पण विक्रेत्याच्या वहीत त्या दयेची नोंद विक्री म्हणूनच होते. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी खडकावर दुसरा घाव बसतो. अशी दया एका प्रवाळास जीवदान देते आणि दुसऱ्याच्या मृत्यूची किंमत चुकती करते.

कायद्याने हे ओळखले आहे. खडक रचणारी सर्व प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, घेण्यात आली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम चालू असता वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळांच्या अठरा लहान वसाहती आढळल्या. २०२० साली त्या हलविण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे साह्य घ्यावे लागले. महानगराच्या रस्त्यास जो नियम लागू झाला, तो घरातील काचपेटीस लागू नसावा असे म्हणता येणार नाही.

मग हौशी माणसाच्या हातचे कौशल्य वाया जाऊ द्यावे काय? माझे मत तसे नाही. जप्तीत सापडलेल्या जिवंत प्रवाळास त्याच दिवशी जाणत्या हातांची गरज असते. दस्तऐवज पूर्ण होईपर्यंत ते वाट पाहू शकत नाही. म्हणून विद्यापीठे, विज्ञान केंद्रे आणि सार्वजनिक मत्स्यालये यांत, समुद्रकाठी तसेच देशाच्या अंतर्भागातही, परवानाधारक शुश्रूषा-टाक्या असाव्यात. प्रत्येक तुकड्याचे मूळ व पुढील वाटचाल नोंदलेली असावी आणि घरोघरीच्या जाणकारांस तेथे स्वयंसेवक म्हणून प्रवेश असावा. तुतिकोरीनच्या संशोधकांनी मन्नारच्या आखातात २००२ पासून प्रवाळांचे तुकडे समुद्रतळाशी लावण्याचे काम चालविले. लक्षद्वीपच्या खडकांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी विरंजन सोसले. मालवणच्या समुद्रातही प्रवाळे आहेत. तेथे काम करणाऱ्यांस प्रशिक्षित साथीदार हवे आहेत, आणि त्यांचे शिक्षण झाशीतही होऊ शकते.

तोपर्यंत झाशीकर मराठी वाचकाने काय करावे? प्रवाळ विकत घेऊ नये; कोणी विकत असल्यास वनखात्यास कळवावे; समुद्रकाठी सहलीस गेल्यावर तुटलेला तुकडाही उचलून आणू नये, कारण त्यातील जिवंत ऊती तेथेच पुन्हा रुजू शकतात. घरी काचपेटी हवीच असेल, तर गोड्या पाण्याची ठेवावी. पाण्याचे रसायन आणि प्राण्याची निगा यांचे धडे तीतही मिळतात. शुश्रूषेची इच्छा ही मोठी गोष्ट आहे. तिचा उपयोग प्रवाळास व्हावयाचा असेल, तर बरे झालेले प्रवाळ शेवटी समुद्रातच पोहोचले पाहिजे.