अक्षरांची ने-आण

गेल्या वर्षी आमच्या मंडळाची सभासद-सूची जुन्या संगणकावरून नव्यावर आणण्याचे काम निघाले. एका उत्साही तरुणाने त्यासाठी जावा भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. तो बिनतक्रार चालला. नवी फाइल उघडून पाहतो तो इंग्रजी अंकांतले दूरध्वनी-क्रमांक जागच्या जागी, आणि नावांच्या ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हे! 'श्रीपाद' या नावाच्या वाट्याला सात आली होती. आपल्या लेखी हे नाव तीन अक्षरांचे. यंत्राच्या हिशेबी मात्र श, हलन्त, र, ईकार, प, काना आणि द अशी ती सात चिन्हे होत.

हे कसे घडले याचा आम्ही पिच्छा पुरवला, तेव्हा कळले ते असे. फाइलीत अक्षरे नसतातच. असतात ते ० ते २५५ यांमधले आकडे. त्यांस बाइट म्हणतात. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे 'श्रीपाद'चे एकवीस. १९९६ साली जावा प्रथम आली तेव्हा तिच्यापाशी बाइटांची ने-आण करणारे प्रवाह तेवढे होते. अक्षरांचे प्रवाह, म्हणजे रीडर आणि रायटर, १९९७च्या १.१ आवृत्तीत आले.

या भाषेत प्रवाह ही एक वस्तू असते आणि एका वस्तूच्या हाती दुसरी सोपवून साखळी करावयाची असते. फाइलइनपुटस्ट्रीम फाइलीतून बाइट आणतो. तो इनपुटस्ट्रीमरीडरच्या हाती द्यावा. हा दुभाषा, बाइटांची अक्षरे करतो. त्याच्यापुढे बफर्डरीडर बसवावा. तो लोट्यालोट्याने न आणता घागर भरून ठेवतो आणि मागितली की सबंध ओळ देतो. लिहिताना हीच साखळी उलट: बफर्डरायटर, आउटपुटस्ट्रीमरायटर, फाइलआउटपुटस्ट्रीम. शेवटी प्रवाह बंद करावयास विसरू नये, नाहीतर घागरीतले उरलेले पाणी घागरीतच राहते. २०११च्या सातव्या आवृत्तीपासून ही काळजी 'ट्राय'च्या कंसातच घेता येते.

आमचे घोडे अडले ते दुभाष्यापाशी. कोणत्या संकेताने बोलावयाचे हे त्यास सांगावे लागते; न सांगितल्यास तो यंत्राचा रूढ संकेत धरतो. २०२२च्या अठराव्या आवृत्तीपासून तो सर्वत्र यूटीएफ-८ झाला आहे. आमच्या नव्या यंत्रावर मात्र जावा आठवी होती आणि रूढ संकेत पश्चिम युरोपचा. तरुणाने वाचताना संकेत सांगितला, लिहिताना राहिला. त्या संकेतात 'श' नाहीच. अशा वेळी हा दुभाषा ओरडत नाही. मुकाट्याने प्रश्नचिन्ह लिहून पुढे जातो. ही सभ्यता आम्हांस मुळीच मान्य नाही.

वाचताना चुकले असते तर परवडले असते. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन 'ए' आणि मधूनच जपानी येनचे चिन्ह अशी जत्रा दिसली असती, पण फाइलीतले बाइट शाबूत राहिले असते. योग्य संकेताने उघडताच श्रीपाद परत आला असता. प्रश्नचिन्हाचे तसे नाही. त्याचा आकडा ६३, मग ते 'श'चे असो वा 'द'चे. मागे काय होते ते त्यातून कधीच निघत नाही.

आणि जुना संगणक तोवर भंगारात गेला होता.

यावर उपाय आहे. आउटपुटस्ट्रीमरायटरला संकेताचे नाव देण्याऐवजी 'न्यूएन्कोडर'ने केलेली एन्कोडर-वस्तू द्यावी. मग न बसणारे अक्षर येताच प्रोग्रॅम चूक सांगून थांबतो. आम्ही आता तसे करवून घेतले आहे. नावे मात्र वर्गणीच्या जुन्या वह्यांवरून पुन्हा लिहिली. वाळवीने खाल्लेल्या पानांवरची बारा नावे अजून लागलेली नाहीत. त्यांतली बरीचशी माणसे हयात नाहीत. कोणा वाचकाच्या घरी मंडळाच्या जुन्या पावत्या असतील तर कृपया पाहाव्यात.